नाण्यावरचा राजा मिलिंद

मिलिंद हे नाव आपल्या वस्तीत कितीतरी घरांत ऐकू येतं. औरंगाबादच्या नागसेनवनातल्या कॉलेजलाही बाबासाहेबांनी हेच नाव दिले. पण हा राजा ग्रीक होता, त्याचे मूळ नाव मिनँडर, आणि त्याचा चेहरा आपण आजही पाहू शकतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्याने पाडलेली चांदीची नाणी शिल्लक आहेत.

सिकंदरानंतर बॅक्ट्रियात, म्हणजे उत्तर अफगाणिस्तानच्या बाजूला, ग्रीकांची राज्ये झाली. पुढे ते हिंदुकुश ओलांडून पंजाबपर्यंत आले. त्यांच्यात मिलिंद सर्वांत नावाजलेला. त्याचा काळ इ.स.पू. १५५ ते १३० च्या सुमाराचा. 'मिलिंदपञ्ह' ग्रंथाप्रमाणे त्याचा जन्म अलसंद द्वीपातल्या कलसी गावी झाला. राजधानी सागल, आताच्या पाकिस्तानातले सियालकोट.

त्याचे चांदीचे लहान नाणे जेमतेम चार आण्याएवढे, वजन अडीच ग्रॅमच्या आसपास. पण एवढ्याशा जागेत साच्याच्या कारागिराने केसांच्या बटा, सरळ नाक, डोक्याची राजपट्टी आणि तिची मागे सुटलेली टोके सगळं कोरलं आहे! काही नाण्यांवर शिरस्त्राण आहे, तर काहींवर राजा पाठमोरा, हातात भाला उगारलेला. भोवती ग्रीक अक्षरे: राजा, त्राता, मिनँडर. उलट बाजूला ढाल घेऊन वज्र फेकणारी अथेना देवी, आणि तोच मजकूर आपल्याकडच्या प्राकृतात, खरोष्ठी लिपीत. अशाच दुभाषी नाण्यांमुळे १८३० नंतरच्या दशकात प्रिन्सेप वगैरे विद्वानांना विसरली गेलेली खरोष्ठी लिपी वाचता आली.

आता प्रश्न असा, की नागसेन थेरांना शरण गेलेला राजा चांदीवर अथेनाच का ठेवतो? धम्माची खूण कुठे आहे? ती तांब्याच्या एका नाण्यावर दिसते: आठ आऱ्यांचे चक्र. काही अभ्यासक त्याला धम्मचक्र म्हणतात, काही म्हणतात ते चक्रवर्ती राजाचे चक्र. मला वाटतं, चांदी जायची सैनिकांच्या पगारात आणि दूरच्या व्यापारात, तिथे ओळखीचा छाप बदलून चालत नाही. तांबे फिरायचे बाजारात, साध्या माणसांच्या हातात. बुद्धमूर्ती तर तेव्हा घडतच नव्हत्या. चक्र, बोधिवृक्ष, पदचिन्हे यांतूनच तथागत ओळखायचे.

नागसेनांशी त्याचा वाद प्रसिद्धच आहे. पंडितांना निरुत्तर करणारा राजा रथाच्या एका दृष्टान्ताने अनात्म समजला. ग्रंथ सांगतो, की पुढे त्याने मुलाकडे राज्य सोपवले, प्रव्रज्या घेतली व अर्हत झाला. ग्रीक लेखक प्लुटार्क मात्र सांगतो, की तो लष्कराच्या छावणीत वारला. दोन्ही गोष्टी एकत्र बसत नाहीत. पण प्लुटार्क बौद्ध नव्हता, तरी तोच लिहितो की नगरांनी राजाची रक्षा वाटून घेतली आणि स्मारके उभारली. कुसिनारानंतर तथागतांच्या अस्थींचे झाले, तसेच हे!

आपल्या सोपाऱ्याचा यवनांशी संबंध त्याहून जुना. अशोकाच्या काळात अपरांतात, म्हणजे आपल्या या किनाऱ्यावर, धम्म सांगायला यवन भिक्खू धम्मरक्खित आले असे महावंस सांगतो. मिलिंदानंतर दोनेकशे वर्षांनी एका ग्रीक खलाशाने लिहिलेल्या प्रवासवर्णनात सोपारा बंदराचे नाव आहे, आणि भडोचला मिनँडरची जुनी नाणी अजून चालतात अशी नोंदही आहे. त्याच चांदीच्या नाण्यांच्या धर्तीवर पश्चिम क्षत्रपांनी नाणी पाडली, आणि क्षत्रपांची पाहून सातवाहनांनी.

१८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी बुरुड राजाच्या कोटात स्तूप खणला. दगडी पेटीत एकात एक करंडक, सर्वांत आत सोन्याचा, त्यात मातीच्या पात्राचे बारीक तुकडे. त्यांच्या सोबत एक न झिजलेले चांदीचे नाणे निघाले, यज्ञश्री सातकर्णीचे. एका बाजूला राजाचा चेहरा होता, अगदी ग्रीक पद्धतीचा. फक्त भोवतीची अक्षरे ब्राह्मी होती.