चित्रकर्त्री बी. प्रभा

कोल्हापूर नगरीला लोक कौतुकाने कलापूर म्हणतात, ते उगीच नव्हे. आबालाल रहिमान व बाबूराव पेंटर यांनी याच भूमीत रंगांची उपासना केली. १८६७ साली येथे जन्मलेले महादेव विश्वनाथ धुरंधर हे तर मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे नामवंत अध्यापक झाले. परंतु या थोर परंपरेत स्त्रियांची नावे फार थोडी आढळतात. धुरंधरांच्या कन्या अंबिका यांनी १९३१ साली जे. जे. कलाशाळेची पदविका मिळवली, तेव्हा त्या वाटेने जाणाऱ्या स्त्रिया अगदी विरळा होत्या. अंबिकाबाईंच्या घरी निदान चित्रकलेचे वातावरण होते. त्यानंतर सुमारे वीस वर्षांनी जी मुलगी त्याच कलाशाळेत दाखल झाली, ती मात्र विदर्भातील एका खेड्यातून आली होती. हीच पुढे बी. प्रभा या नावाने ख्यातनाम झाली.

प्रभाबाईंचा जन्म १९३३ साली नागपूरजवळील बेला या गावी झाला. नागपूरच्या कलाशाळेत प्राथमिक शिक्षण घेऊन त्या मुंबईस आल्या आणि १९५५ च्या सुमारास त्यांनी चित्रकला व भित्तिचित्रण यांचे शिक्षण पूर्ण केले. १९५६ साली शिल्पकार बी. विठ्ठल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. दोघेही कलेचे उपासक. मिळकत बेताची, पण ध्येय एकच.

त्याच वर्षी या दोघांच्या कलाकृतींचे प्रदर्शन भरले. थोर अणुशास्त्रज्ञ डॉ. होमी भाभा हे चित्रकलेचे मर्मज्ञ होते. त्यांनी प्रभाबाईंची तीन चित्रे विकत घेतली. एअर इंडियानेही १९५६ सालीच चित्रसंग्रहास प्रारंभ केला, तो प्रभाबाईंच्या सहा चित्रांनी. प्रत्येक चित्राचे मोल होते अवघे ८७ रुपये ८ आणे! पुढे १९५८ साली मुंबई राज्य कला प्रदर्शनात त्यांना प्रथम पारितोषिक मिळाले.

आरंभी प्रभाबाईंनी त्या काळच्या नव्या प्रवाहास अनुसरून अमूर्त चित्रे काढली. परंतु त्यांचे मन त्यात रमले नाही. अमृता शेरगिल या थोर चित्रकर्त्रीचा आदर्श त्यांच्यापुढे होता. १९४१ साली अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी निवर्तलेल्या अमृतांनी पॅरिसमध्ये शिक्षण घेऊनही भारतातील खेडुतांनाच आपल्या चित्रांत मानाचे स्थान दिले होते. प्रभाबाईही त्याच मार्गाने गेल्या. नव्या कलेने शिकवलेला रेषेचा साधेपणा त्यांनी सोडला नाही. मात्र त्या रेषेतून त्यांनी आपल्या भोवतालची माणसे उभी केली.

त्यांच्या चित्रांत राजे नाहीत, देवता नाहीत. मासळीची टोपली घेऊन निघालेली कोळीण तेथे आहे, तान्ह्या मुलाला उराशी धरून बसलेली माता आहे. लांब मान, सडपातळ देह, अर्धवट मिटलेले डोळे आणि सर्व चित्र व्यापून टाकणारा एखादाच प्रमुख रंग, ही त्यांच्या तैलचित्रांची ओळख होय. दुष्काळ, भूक व बेघरपणा हे विषयही त्यांनी हाताळले. अशा वेळी दुःखाचा पहिला घाव स्त्रीवर पडतो, हे त्यांनी ओळखले होते. तरीही त्यांच्या चित्रांतील स्त्री आक्रोश करीत नाही, की कोणाची करुणा भाकीत नाही. ती मूकपणे आपला भार वाहते, आणि त्या मूकपणातच तिची प्रतिष्ठा प्रकट होते.

देशात व परदेशांत मिळून प्रभाबाईंची पन्नासांहून अधिक प्रदर्शने झाली. पती विठ्ठल यांच्या निधनानंतरही त्यांचा कुंचला थांबला नाही. २००१ साली नागपूर येथे त्यांनी देह ठेवला. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाने त्यांची चित्रे जतन केली आहेत. ज्या चित्रांना एके काळी शंभर रुपयेही मिळाले नव्हते, तसल्याच चित्रांसाठी पुढे रसिकांनी लक्षावधी रुपये मोजले.

परंतु त्यांची खरी थोरवी या किमतीत नाही. बाजारात रोज दिसणारी, पण कोणीही थांबून न पाहिलेली कष्टकरी स्त्री प्रभाबाईंनी आदराने पाहिली आणि इतरांनाही तसे पाहण्यास शिकवले. कोळिणीच्या डोईवरील टोपलीत तिच्या सबंध संसाराचा भार असतो, हे त्यांची चित्रे पाहणाऱ्यास वेगळे सांगावे लागत नाही.