मूठभर धान्याची शाळा : कर्मवीर भाऊराव पाटील



आपण पाल्याच्या शाळेत शेवटचे केव्हा गेलात, हे जरा आठवून पहा. बहुधा प्रवेशाच्या दिवशी, नाहीतर तक्रारीची चिठ्ठी आली तेव्हा. यात सारा दोष आपलाच आहे असे नव्हे. मीही कित्येक वर्षे पालकांना बोलावले ते गाऱ्हाणे सांगण्यासाठीच. म्हणूनच ज्या गृहस्थाने शाळेची चूल गावाच्या चुलीशी जोडली, त्याचे चरित्र आपणांसमोर ठेवावेसे वाटले.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूरजवळच्या कुंभोज गावी, जैन कुटुंबात झाला. मॅट्रिकपर्यंत काही त्यांची मजल गेली नाही. (विद्यार्थी मित्रहो, यातून सोयीचा अर्थ काढू नका!) पुढे किर्लोस्करांच्या नांगरांचे आणि ओगल्यांच्या कंदिलांचे विक्रेते म्हणून ते खेडोपाडी हिंडले. नांगर विकता विकता त्यांनी शेतकऱ्याचे घर आतून पाहिले. पोर हुशार, पण तालुक्याच्या गावी ठेवायचे कुठे आणि खायला कोण घालणार, हा प्रश्न त्यांना घरोघर भेटला.

१९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली संस्था साताऱ्यास आली. तेथील वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एका पंक्तीत जेवू लागली. १९२७ साली गांधीजी तेथे आले व त्यांच्या हस्ते वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले.

आता खर्चाचे कसे? येथेच भाऊरावांची खरी दृष्टी दिसते. त्यांनी केवळ धनिकांच्या देणगीवर विसंबायचे नाही असे ठरविले आणि मुष्टिफंड काढला. घरच्या बाईने रोजच्या धान्यातील एक मूठ वसतिगृहातील मुलांसाठी बाजूला काढून ठेवायची. मूठभर ज्वारीची किंमत ती काय? पण ज्या माउलीने वर्षभर रोज आठवणीने ती मूठ काढली, तिला ती शाळा परकी कशी वाटेल? शाळेतली मुले काय शिकतात हे विचारण्याचा अधिकार तिला आपोआप मिळाला. माझ्या मते धान्यापेक्षा हा अधिकार मोठा होता. मुलांनाही फुकटचे नव्हते. शेतात राबून, दगडमाती वाहून ती आपल्या शिक्षणाचा भार उचलीत.

लक्ष्मीबाईंविषयी लिहिल्यावाचून पुढे जाववत नाही. त्या सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढलेल्या. तरी या सर्व मुलांचे त्यांनी आईप्रमाणे केले. कोठीत धान्य संपले तेव्हा अंगावरचे दागिने मोडले आणि अखेरीस मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या वारल्या. चरित्रग्रंथांत त्यांच्या वाट्याला फार थोडी पाने येतात, याचे मला वाईट वाटते.

जेथे शाळाच नव्हती अशा खेड्यांत संस्थेने पुढे व्हॉलंटरी शाळा काढल्या. गावाने जागा द्यावी, संस्थेने शिक्षक द्यावा, असा हा व्यवहार. शिक्षक कमी पडू नयेत म्हणून १९३५ सालीच साताऱ्यात अध्यापक विद्यालय सुरू केले होते. यांपैकी ५७८ शाळा नंतर सरकारी शाळा मंडळाकडे सोपविल्या.

कसोटीचा प्रसंग १९४८ साली आला. गांधीजींच्या स्मरणार्थ १०१ हायस्कुले काढण्याचा भाऊरावांचा संकल्प होता. त्याच वर्षी मतभेदातून मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान थांबविले. शिक्षकांचे पगार थकण्याची वेळ आली. भाऊराव पुन्हा गावोगाव फिरले आणि लोकांनी ऐपतीप्रमाणे झोळीत घातले. शाळा बंद पडल्या नाहीत. पुढे सरकारनेही अनुदान पूर्ववत केले. वीस-पंचवीस वर्षे ज्या घरांतून मूठ-मूठ धान्य आले होते, तीच घरे त्या वेळी उभी राहिली.

१९५९ साली त्यांना पद्मभूषण किताब मिळाला आणि त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे निधन झाले. साताऱ्यात त्यांची समाधी आहे. शाळेची सहल त्या बाजूला गेली, तर मुलांना तेथे जरूर न्यावे. आणि जमल्यास त्या सहलीला आपणही यावे.