विल्यम प्लेफेअर

देशाचा व्यापार, सरकारचें कर्ज, धान्याचे भाव इत्यादि गोष्टी दाखविणारे आलेख आपण पुस्तकांतून व वर्तमानपत्रांतून नेहमीं पाहतों. हे रुक्ष आंकडे रेघांच्या रूपानें डोळ्यांपुढें उभे करण्याची रीत ज्यानें घालून दिली, तो विल्यम प्लेफेअर संख्याशास्त्राच्या इतिहासांत सुप्रसिद्ध आहे. त्याचें चरित्र विद्यार्थ्यांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे, तें केवळ त्याच्या बुद्धिमत्तेसाठीं नव्हे. त्याच्या चुकांपासूनही पुष्कळ शिकण्यासारखें आहे.

प्लेफेअरचा जन्म २२ सप्टेंबर १७५९ रोजीं स्कॉटलंडांत डंडी शहराजवळील लिफ या खेड्यांत झाला. त्याचे वडील तेथील पाळक होते. १७७२ सालीं ते निवर्तले आणि संसाराचा भार थोरला भाऊ जॉन याजवर पडला. हाच जॉन पुढें एडिंबरो विद्यापीठांत गणिताचा प्राध्यापक म्हणून नांवाजला. त्यानें धाकट्या भावाकडून उष्णतामापकाची रोजच्या रोज नोंद करविली, व ती कमीजास्त उंचीच्या रेघांनीं दाखवावयास शिकविलें. जें संख्येनें सांगतां येतें तें रेघेनेंही दाखवितां येतें, हा धडा विल्यम जन्मभर विसरला नाहीं. पुढें तो अँड्र्यू मीकल या गिरण्या बांधणाऱ्या कुशल कारागिराच्या हाताखालीं राहिला, आणि १७७७ सालीं बर्मिंगहॅम येथें जेम्स वॅट याजकडे यंत्रांचे नकाशे काढण्याच्या कामावर लागला.

ती नोकरी सोडून त्यानें लंडनांत चांदीच्या कामाचा धंदा काढला, तो बसला. परंतु १७८६ सालीं त्यानें इंग्लंडच्या व्यापाराचा व राजकीय स्थितीचा एक नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. नांव नकाशासंग्रह, पण त्यांत भूमीचा एकही नकाशा नव्हता. ४४ आलेख होते. आडवीं सालें, उभी पौंडांची रक्कम. एक रेघ आयातीची, दुसरी निर्यातीची. निर्यातीची रेघ वर असेल तेव्हां दोहोंमधील जागा इंग्लंडच्या बाजूची शिल्लक दाखवी, खालीं असेल तेव्हां तूट. ईस्ट इंडीजशीं चालणाऱ्या व्यापाराचाही आलेख त्यांत होता. ही रीत लोकांस पटावी म्हणून त्यानें व्यापाऱ्याचा दाखला दिला. दिवसभरांत आलेल्या गिन्न्यांची व्यापाऱ्यानें रोज रात्रीं एक चवड रचली व त्या चवडी ओळीनें मांडल्या, तर धंदा केव्हां चढला व केव्हां उतरला, हें वही न उघडतां समजेल.

स्कॉटलंडच्या व्यापाराचे मात्र त्याला एकाच वर्षाचे आंकडे मिळाले. एका वर्षाची चढती-उतरती रेघ काढावी कशी? तेव्हां त्यानें १७ ठिकाणांशीं झालेली आयात व निर्यात लहानमोठ्या पट्ट्यांनीं दाखविली. कालाचा ओघ तींत दिसत नाहीं म्हणून स्वतः त्याला ती आकृति गौण वाटली. पण अडचणींतून निघालेला तोच स्तंभालेख आज शाळाशाळांतून शिकविला जातो.

१७८७ सालीं तो फ्रान्सांत गेला. राजा सोळावा लुई यास त्याचे आलेख फार आवडले, असें सांगतात. परंतु तेथें तो अमेरिकेंतील ओहायो नदीकांठची जमीन विकणाऱ्या एका कंपनीच्या व्यवहारांत शिरला. शेंकडों फ्रेंच माणसें मायदेश सोडून १७९० सालीं तेथें पोहोंचलीं, तों हातांतील खरेदीखतें निरुपयोगी ठरलीं. ती जमीन कंपनीच्या मालकीची झालेलीच नव्हती. लंडनला परतल्यावर त्यानें १७९७ सालीं भागीदारींत काढलेली पेढीही लवकरच बुडाली. कर्जापायीं त्याला तुरुंग पाहावा लागला. राष्ट्राचें कर्ज कसें चढत गेलें हें ज्यानें साऱ्या जगाला रेघेनें दाखविलें, त्याला स्वतःच्या कर्जाची रेघ दिसूं नये, ही खेदाची गोष्ट होय.

तरी त्याची लेखणी थांबली नाहीं. १८०१ सालच्या पुस्तकांत त्यानें देशाच्या विस्ताराप्रमाणें लहानमोठीं वर्तुळें काढलीं. डावीकडे लोकसंख्येची व उजवीकडे कराच्या उत्पन्नाची उभी रेघ जोडली. तुर्की साम्राज्याच्या वर्तुळाचे त्यानें आशिया, युरोप व आफ्रिका असे भाग पाडले; वर्तुळालेखाचा हा आरंभ. त्याच पुस्तकास हिंदुस्थानांतील तत्कालीन राजसत्तांचें असेंच दर्शन जोडलेलें होतें. पुण्यास त्या वेळीं पेशवाई नांदत होती.

१८२१ सालीं त्यानें सुमारें अडीचशें वर्षांचे गव्हाचे भाव व कारागिराची आठवड्याची मजुरी एकाच आलेखांत मांडली. मजुरीच्या मानानें गहूं पूर्वीपेक्षां स्वस्त झाला आहे, असें त्याला सिद्ध करावयाचें होतें. परंतु भाव व मजुरी यांचें प्रमाण त्यानें निराळें काढलेंच नाहीं. त्यामुळें पाहणाराची दृष्टि गव्हाच्या उंच पट्ट्यांवरच खिळते, आणि मुख्य मुद्दा झांकून जातो. आलेख शिकविणाऱ्यालाच आलेखानें असा धडा दिला! ११ फेब्रुवारी १८२३ रोजीं लंडन येथें दारिद्र्यांत त्याचा अंत झाला. इंग्लंडांत त्याच्या रीतीला मान मिळाला, तो फार उशिरां.

विद्यार्थ्यांस आमचें इतकेंच सांगणें आहे कीं, आलेख पाहतांच त्यावर विश्वास टाकूं नये. बाजूचें माप कोठून सुरू होतें, सालें कोणतीं घेतलीं आहेत, हें आधीं वाचावें. आणि स्वतः आलेख काढतांना, ज्याला अंक वाचतां येत नाहींत त्याचीही आपल्या रेघेनें फसगत होणार नाहीं, इतकी काळजी घ्यावी.