मंगळवेढा ते बिदर किती लांब? दामाजीपंतांची गोष्ट

फोनवरच्या मॅपमध्ये मंगळवेढ्यापासून बिदरपर्यंत सरळ रेघ ओढून बघा. साधारण २२० किलोमीटर येतील. हे विमानाचं अंतर. दोन्ही गावांचे अक्षांश-रेखांश घेऊन ॲप ते पृथ्वीच्या गोलाईवरून मोजतं. ताशी ८०० किलोमीटरने उडणारं विमान ते सतरा मिनिटांत कापेल, चढण्या-उतरण्याचा वेळ सोडून. रस्त्याने मात्र अडीचशेच्या आसपास, म्हणजे गाडीने चार-पाच तास.

आता पंधराव्या शतकात जाऊ. बिदर ही बहामनी सुलतानांची राजधानी आणि मंगळवेढ्याचा कारभार दामाजीपंतांकडे. सरकारी धान्याची कोठारं त्यांच्याच ताब्यात होती. अशात मोठा दुष्काळ पडला. ज्वारीच्या या गावात लोक उपाशी मरायला लागले आणि कोठारं भरलेली!

नियमाने बिदरहून परवानगी हवी. पण गणित करा. घोडेस्वार दिवसाला ५०-६० किलोमीटर गेला तरी एका बाजूला चार-पाच दिवस. वाटेत भीमा आणि सीना ओलांडायच्या. उत्तर यायला नऊ-दहा दिवस, तेसुद्धा दरबारात कुणी लगेच ऐकलं तर. उपाशी माणूस एवढं कुठून थांबणार? पंतांनी न विचारताच कोठारं उघडली.

मला यातली एक गोष्ट भारी वाटते (हा माझा हिशोब, पोथीतला नाही). तेच अंतर पंतांच्या बाजूनेही होतं. त्यांच्याविरुद्धची तक्रार बिदरला जाऊन हुकूम परत येईपर्यंत धान्य लोकांच्या घरात पोचलेलं असणार. आज एका मेसेजने कोठाराला कुलूप लागलं असतं.

अटकेचा हुकूम आलाच. शिपायांबरोबर निघालेल्या पंतांनी आधी पंढरपूरला विठ्ठलाचं दर्शन मागितलं. मॅप बघा, बिदर पूर्वेला आणि पंढरपूर उलट्या दिशेला, वीस-पंचवीस किलोमीटर. जीव जायची वेळ आलेला माणूस हा वळसा घेतो.

पुढची कथा महाराष्ट्रात सगळ्यांना माहीत आहे. महिपतींनी १७६२ च्या ‘भक्तविजय’ ग्रंथात ती सांगितली आहे, म्हणजे घटनेनंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी. विठ्ठल विठू महाराच्या रूपात बिदरच्या दरबारात गेला, धान्याची सगळी किंमत भरली आणि रीतसर पावती घेतली. त्याला प्रवासाला किती वेळ लागला, ते कुठलंच ॲप सांगणार नाही.

पंत अजून बिदरला पोचलेही नव्हते. त्यांनी वाचायला गीतेची पोथी उघडली, तर आत पावती. पेमेंट कुणी केलं, हे पैसे देणं असलेल्या माणसालाच शेवटी कळलं!

मंगळवेढ्यात आज दामाजीपंतांचं मंदिर आहे. पंढरपूरहून गाडीने अर्धा-पाऊण तास.