रियासतकारांचे कामशेत

मांडवी बंदरातून एके काळी आगबोटीने पोटासाठी परमुलखी गेलेल्या आमच्या कुटुंबांस, नोकरी संपल्यावर राहावे कोठे, हा प्रश्न नेहमीच पडत आला. रत्नागिरी जिल्ह्यातील गोविल गावी १८६५ साली जन्मलेले रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांचे चरित्र या दृष्टीने आम्हांस मननीय वाटते.

१८८९ पासून सुमारे ३६ वर्षे त्यांनी बडोद्यास सयाजीराव महाराजांची चाकरी केली. संस्थानात धन्याची मर्जी सांभाळूनच लेखनास सवड काढावी लागे. १९२५ साली निवृत्त झाल्यावर राजधानीचा थाट सोडून ते ब्रिटिश मुलखात, पुण्याजवळील कामशेत या खेड्यात येऊन राहिले. राहणी साधी, खर्च बेताचा आणि आगगाडीने पुणे जवळ. तेथे दरबार नव्हता. परंतु सरकारी पेशवे दप्तराचे काम पत्करल्यामुळे पुण्याच्या काही विद्वानांची नाराजी मात्र सोसावी लागली. तरीही १९३० ते १९३४ या काळात त्यांनी संपादिलेले ४५ खंड प्रसिद्ध झाले. पुढे मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत तीन खंडांत सिद्ध झाला. १९५९ साली कामशेतलाच त्यांचे देहावसान झाले.

निवृत्तीचे गाव प्रतिष्ठेसाठी नव्हे, तर उरलेल्या कार्यासाठी निवडावे, हा बोध ज्ञातिबांधवांनी घ्यावा, अशी आमची नम्र विनंती आहे.