रँग्लर परांजपे

रँग्लर परांजपे हे नाव बहुतेक भगिनींनी ऐकले असेल. रँग्लर हे त्यांचे नाव असावे, असे कित्येकींना वाटते. ती गणितातली पदवी आहे. केंब्रिज विद्यापीठाच्या गणिताच्या मोठ्या परीक्षेत जे पहिल्या वर्गात येत, त्यांना रँग्लर म्हणत आणि त्यांत जो सर्वांच्या वर, तो सीनियर रँग्लर. १८९९ साली हा मान प्रथमच एका हिंदी माणसाला मिळाला. एका इंग्रज विद्यार्थ्याबरोबर बरोबरीने मिळाला, पण मिळाला.

मी सातवीपर्यंत शिकलेली. त्यांचे गणित मला कळणार नाही. पण त्यांच्या शिक्षणाचा खर्च कोणी केला, हा हिशेब मला कळतो आणि तोच सांगावा म्हणून लिहिते आहे. आमच्या जावेची मुलगी गणितात एम.एस्सी. झाली. आता तिला डॉक्टरेट करायची आहे. पाच वर्षे तिला कोणी पोसायचे आणि लग्नाचे काय, असे दोन प्रश्न आमच्या घरात रोज निघतात.

रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचा जन्म १६ फेब्रुवारी १८७६ रोजी कोकणात, दापोली तालुक्यातील मुर्डी या लहानशा गावी झाला. मुलगा हुशार, पण गावात राहून पुढचे शिक्षण होण्यासारखे नव्हते. धोंडो केशव कर्वे, म्हणजे आपले महर्षी अण्णासाहेब, हे त्यांचे नात्याने भाऊ. ते स्वतः गणित शिकवीत. त्यांनी रघुनाथाला मुंबईस आपल्या घरी ठेवून घेतले. त्या बेताच्या मिळकतीच्या घरात चूल पाहणाऱ्या होत्या अण्णासाहेबांच्या पहिल्या पत्नी राधाबाई. त्या १८९१ साली वारल्या. चरित्रे लिहिणारे या बाईंबद्दल दोन ओळी लिहून पुढे जातात. रघुनाथाची पहिली शिष्यवृत्ती राधाबाईंच्या चुलीवर शिजली, असे मला तरी वाटते. पाहुण्या मुलाला रोज वेळेवर ताट वाढणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

पुढे अण्णासाहेब पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे अध्यापक झाले आणि रघुनाथही त्याच कॉलेजात शिकले. मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.ला ते पहिले आले. त्यावर हिंदुस्थान सरकारने त्यांना विलायतेस शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. १८९६ साली ते केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाले. जाण्यापूर्वीच त्यांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटीला शब्द दिला होता, की परत येऊन फर्ग्युसनमध्येच शिकवीन.

त्या काळी केंब्रिजला पीएच.डी. नव्हतीच, ती पहिल्या महायुद्धानंतर सुरू झाली. परीक्षेत चमकलेल्या विद्यार्थ्याला कॉलेज फेलो करून घेई आणि पुढील अभ्यासासाठी विद्यावेतन देई. परांजपे तसे सेंट जॉन्सचे फेलो झाले. म्हणजे आज आपण ज्याला पूर्ण खर्चाची डॉक्टरेट म्हणतो, तिच्यासारखीच ती सोय होती. घरच्यांनी जमीन गहाण टाकली नाही की कोणाचे दागिने मोडले नाहीत.

सीनियर रँग्लरला सरकारी नोकरीत भरपूर पगार मिळाला असता. ते १९०२ साली परत आले आणि दिलेल्या शब्दाप्रमाणे फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. पगार इतका थोडा, की बायकोने कपाळाला हात लावला तर तिला दोष देऊ नये. पुढे ते १९२१ साली मुंबई प्रांताचे शिक्षणमंत्री झाले, नंतर लखनौ विद्यापीठाचे आणि पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले, ऑस्ट्रेलियात हिंदुस्थानचे उच्चायुक्तही होते. हे सारे मोठे खरे, पण मला त्यांच्या घरातली एक गोष्ट त्याहून मोठी वाटते. त्यांची मुलगी शकुंतला हिनेही केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात राहून गणिताची तीच परीक्षा दिली. हे १९२९ साल. आपला बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि मुलीला चार इयत्ता शिकविणे हीच मोठी गोष्ट होती.

आता पाच वर्षे कोणी पोसायचे, याचे उत्तर. नेट म्हणून एक परीक्षा असते. तीत वरच्या क्रमांकाने उत्तीर्ण होणाऱ्यांना संशोधनासाठी सरकार विद्यावेतन देते. २०२३ सालापासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० अशी ही रक्कम ठरली, घरभाडे वेगळे. आमच्या घरात सर्वांचे मिळूनही महिन्याला एवढे येत नाही. हा आकडा मी कागदावर लिहून सासऱ्यांच्या पुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. लग्नाचा विषय त्यांनी सोडलेला नाही, पण परीक्षेचा अर्ज भरायला हरकत नाही, असे ते म्हणाले. अर्ज भरला आहे.

परांजपे ६ मे १९६६ रोजी वारले. त्यांना नव्वद वर्षांचे आयुष्य लाभले.