शाळेतल्या मुलींसाठी केलेली वही ७१ वर्षांनी छापली आणि जगभर लाखोंनी खपली

१९७७ साली इंग्लंडमध्ये एक वेगळंच पुस्तक बाजारात आलं. आत छापील अक्षर नव्हतं, हाताने लिहिलेल्या नोंदी होत्या. मध्ये मध्ये पक्षी, फुलपाखरं, रानफुलं यांची जलरंगातली चित्रं. मूळ वही जशी होती तशीच छापलेली. नाव होतं ‘द कंट्री डायरी ऑफ ॲन एडवर्डियन लेडी’.

पुस्तक तुफान चाललं. लाखो प्रती खपल्या, अनेक भाषांत अनुवाद झाले. त्यातली चित्रं कपबशांवर आणि चादरींवर आली, पुढे १९८४ साली टीव्ही मालिकाही निघाली. पण हे सगळं बघायला लेखिका नव्हती. तिला जाऊन तेव्हा ५७ वर्षं झाली होती.

तिचं नाव एडिथ होल्डन.

एडिथचा जन्म २६ सप्टेंबर १८७१ चा, बर्मिंगहॅमजवळच्या किंग्ज नॉर्टनचा. घरात सात भावंडं. वडिलांचा रंग तयार करण्याचा कारखाना होता. तेराव्या वर्षी तिने बर्मिंगहॅमच्या आर्ट स्कूलमध्ये प्रवेश घेतला. विशीत असताना ती स्कॉटलंडला गेली आणि जोसेफ डेनोव्हन ॲडम या चित्रकाराकडे शिकली. ॲडम यांची खासियत म्हणजे समोर जिवंत जनावर उभं करून त्याचं चित्र काढणं. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय काढायचं नाही, ही शिस्त तिला तिथे लागली.

परत आल्यावर ती पुस्तकांसाठी चित्रं काढू लागली. १९०६ पासून सॉलिहलच्या एका मुलींच्या शाळेत दर शुक्रवारी दुपारी ती चित्रकला शिकवायची. निसर्गाच्या नोंदी कशा ठेवायच्या, हे मुलींना दाखवायला काहीतरी नमुना हवा होता. म्हणून त्या वर्षी तिने स्वतःच एक वही केली. तिने दिलेलं नाव अगदी साधं होतं, १९०६ च्या निसर्ग नोंदी.

वहीची पद्धत सोपी होती. प्रत्येक महिन्याच्या सुरुवातीला त्या महिन्याचं नाव कसं पडलं ते, सणवार आणि लोकांमधल्या म्हणी. मग तारखेनिशी नोंदी. आज कुठे गेले, काय दिसलं, हवा कशी होती. सोबत आवडत्या कवींच्या ओळी आणि चित्रं.

आता तुम्हाला वाटेल, निसर्गाची वही म्हणजे वसंतातली फुलं. पण एडिथच्या वहीत बाराही महिने आहेत आणि पानगळीच्या पानांवर तर भरपूर काही आहे. इंग्लंडमध्ये सप्टेंबर ते नोव्हेंबर हा पानगळीचा काळ. दिवस लहान होतात, फुलं संपत येतात. पण त्याच वेळी कुंपणाच्या झुडपांवर ब्लॅकबेरी पिकते, जंगली गुलाबाला लाल फळं धरतात, ओकची फळं जमिनीवर पडतात आणि ओल्या पाचोळ्यातून अळंबी वर येते. हे सगळं तिने पानोपानी रंगवलं. त्यासाठी ती काही रोज दूर जात नव्हती. बरीचशी चित्रं घराच्या आसपासच्या वाटांवरची आहेत. लांबचे प्रवास म्हणजे मधूनमधून डार्टमूर किंवा स्कॉटलंड.

वर्ष संपलं, वही पूर्ण झाली. ती छापावी असं काही तिच्या डोक्यात नव्हतं. १९११ मध्ये तिने अर्नेस्ट स्मिथ या शिल्पकाराशी लग्न केलं. तो तिच्याहून सात वर्षांनी लहान होता. दोघं लंडनमध्ये चेल्सीला राहायला गेले. मूल नव्हतं, पण चित्रांचं काम सुरूच होतं.

मार्च १९२० मध्ये ती क्यू इथे थेम्स नदीकाठी गेली होती. पाण्यावर झुकलेल्या चेस्टनटच्या फांदीवर कळ्या होत्या. त्या मिळवायला तिने छत्रीने फांदी ओढायचा प्रयत्न केला, तोल गेला आणि ती नदीत पडली. बुडून तिचा मृत्यू झाला. वय होतं अवघं ४८.

चेस्टनटच्या या कळ्या वसंतात अचानक येत नाहीत. त्या आदल्या वर्षीच तयार होतात, पानं गळाली की नजरेस पडतात आणि अख्खा हिवाळा मिटलेल्या राहतात. ज्या ऋतूत झाड संपल्यासारखं दिसतं, त्याच ऋतूत पुढच्या वर्षीची पानं त्याच्यावर तयार असतात.

वहीचंही असंच झालं. ती घरातच पडून होती. सत्तरच्या दशकात तिच्या भावंडांच्या पुढच्या पिढीतल्या रोवेना स्टॉट यांनी ती प्रकाशकांना दाखवली, तेव्हा जगाला कळली. १९०१ ते १९१० या सातव्या एडवर्ड राजाच्या काळातली म्हणून प्रकाशकांनी तिला ‘एडवर्डियन’ हे नाव दिलं. नंतर १९०५ ची आणखी एक वही सापडली, तीही १९८९ मध्ये छापली गेली.

अशा वह्यांना चित्रांपलीकडेही किंमत असते. कोणतं फूल कधी उमललं, कोणता पक्षी कधी दिसला हे तारखेनिशी लिहिलेलं असलं, की शंभर वर्षांनी ऋतू किती सरकले ते ताडून बघता येतं. त्यासाठी चित्र सुंदरच असावं लागतं असं नाही. तारीख, जागा आणि डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट लिहिली, तरी नोंद होते. एडिथला शुक्रवारच्या तासाला मुलींना हेच तर शिकवायचं होतं.